गालावरच्या लालीसाठी कंप्रेसर

लक्ष्मणराव सोनपेठकरांना एका जागी स्वस्थ बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली, ती मात्र खुर्चीला चिकटून. "त्या खुर्चीचा राग आता घरातल्या खुर्च्यांवर काढतात," असं त्यांच्या पत्नी रेणुकाबाई म्हणत. चहा उभ्यानं, पेपर फिरत फिरत, आणि जेवताना मध्येच उठून गॅलरीचं दार लावलंय का ते पाहून येणं. सिडकोतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपायची कुणाची बिशाद नव्हती.

हातांचंही तसंच. निवृत्तीनंतर त्यांनी बुलबुलतरंग आणला, मग कुंडीतली बुटकी वडाची झाडं केली, मग बंद पडलेली घड्याळं उघडली. सुरुवात जोरात व्हायची. मग एखादी चूक व्हायची आणि लक्ष्मणरावांना वाटायचं, आपल्याला हे यायचं नाही. ती वस्तू कापडात गुंडाळून माळ्यावर जायची. कुणी विचारलं तर ते ओशाळून हसत आणि विषय बदलत. माळा भरत आला होता.

अशा माणसानं सगळ्या घरादारासमोर एक दिवस तोंड उघडलं, हेच नवल होतं.

श्रावण संपत आला होता. औरंगपुऱ्यात थोरल्या भावजय यमुनाबाईंकडे सगळे जमले होते. सोनपेठकरांच्या महालक्ष्म्या तिथंच बसतात. थोरले भाऊ गेले, तरी यमुनाबाईंनी ते सोडलं नव्हतं. ट्रंकेतून त्यांनी ज्येष्ठा आणि कनिष्ठेचे मुखवटे काढून पाटावर ठेवले. शाडूचे मुखवटे, लक्ष्मणरावांच्या आजीच्या वेळचे. डोळे अजून लखलखीत, पण गालांवरचा रंग उडून माती दिसायला लागली होती.

"आजी, हे बघ." नातवानं, मिहिरनं, मोबाईल पुढं केला. "फायबरचे. पडले तरी फुटत नाहीत, धुताही येतात. मागवून टाकू का?"

यमुनाबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "बरे आहेत," त्या म्हणाल्या. "नाही तरी हे आता किती दिवस काढणार? नवे आले की या दोघींना पाण्यात सोडून देऊ. घरात दोन दोन जोड्या ठेवत नसतात."

लक्ष्मणराव दाराशी उभे होते. लहानपणी ते पाहत, आवाहनाच्या दिवशी आई अंगठ्यावर किंचित कुंकू घेऊन दोघींच्या गालांवरून फिरवायची. फिकट झालेला गाल तेवढ्यापुरता उजळायचा. त्या दोघी पाण्यात जाणार, हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"मी रंगवतो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रेणुकाबाईंनी तर कपाळाला हात लावला.

"तुम्ही, भावजी?" यमुनाबाई म्हणाल्या. "ते बुलबुलतरंगाचं काय झालं?"

"हे वेगळं आहे, वहिनी."

"वेगळं असेलही. पण आवाहनाच्या आदल्या दिवशी दोघी घरात पाहिजेत. आल्या तर ह्याच बसतील, नाहीतर मिहिरच्या. आणि डोळ्यांना हात लावायचा नाही. त्यांची नजर तीच राहिली पाहिजे."

रिक्षात मुखवट्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलेल्या नवऱ्याला रेणुकाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तरी माहीत आहे का, कसं रंगवणार ते?"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि रस्ताभर पाय हलवत राहिले.

खरं तर त्यांना थोडंच माहीत होतं. त्यांच्या वरच्या मजल्यावर अभय कांबळे राहायचा. शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, चाळिशीचा, मनमोकळा. सुटीच्या दिवशी तो शेंद्र्यातल्या वडिलांच्या घरी हेल्मेटांवर वाघ आणि गरुड काढायचा. ब्रशनं नाही, एअरब्रशनं. पेनाएवढी बंदूक, तिच्यातून हवेबरोबर रंगाची वाफ निघते आणि कुठं रेघ न दिसता रंग पसरतो. एकदा त्यानं लक्ष्मणरावांच्या हातात ती देऊन पाहिली होती. एका हेल्मेटच्या कडेला त्यांनी बोटाएवढा तांबडा ढग काढला होता आणि तो ढग पुढं कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. आईच्या अंगठ्याची लाली तशीच होती. कुठं सुरू झाली, कुठं संपली, सांगता येत नसे.

"बंदूक माझी न्या, काका," अभय म्हणाला. "पण हवेचं काय? माझा कंप्रेसर ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायचा. तो इथं चालू केला तर सोसायटी मला सामानासकट खाली टाकंल."

"मग छोटा घेतो."

"घ्या, पण टाकीवाला घ्या. बिनटाकीचा नुसता धकधक करतो, रंग पण तसाच धकधक उडतो. टाकीत हवा साठली की सरळ येते. दाब कमी-जास्त करायचं बटण पाहिजे, अन् पाणी पकडायची वाटी पाहिजे. हवेतलं पाणी लई बेकार."

"हवेतलं पाणी?"

"असतं की. कंप्रेसरनं हवा दाबली की सुटतं."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. त्यांना काळजी होती ती वेगळीच. आवाजाची.

जाफर गेटजवळच्या दुकानात ते गेले, परत आले, पुन्हा गेले. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, पान खाणारा गृहस्थ. पहिल्यांदा त्यानं प्रेमानं सगळे कंप्रेसर दाखवले. बिनटाकीचा डबीसारखा, फ्रिजच्या मोटारीपासून केलेला काळा आणि जड, टाकीवाला निळा. फ्रिजच्या मोटारीचा जवळजवळ मुकाच होता, लक्ष्मणरावांचं मन त्याच्यावर बसलं. पण त्यात तेल असतं आणि जुना झाला की ते हवेबरोबर येऊ शकतं, हे ऐकून ते दचकले. देवीच्या तोंडावर तेल! दुसऱ्या खेपेला त्यांनी निळा चालू करून मागितला, कान जवळ नेला, मग दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन ऐकला, मग रस्ता ओलांडून पलीकडून.

"चच्चा," दुकानदार तिकडं ओरडला, "कंप्रेसर है, सितार नै! थोडा तो बजेगा!"

आजूबाजूचे हसले. लक्ष्मणराव लाल होऊन घरी निघून आले. रात्रभर कूस बदलली आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. टाकीवाला निळा घेतला. दुकानदारानं दाबाचा काटा आणि त्याच्याखालची पारदर्शक वाटी बसवून दिली. "इस्में पानी दिखा तो नीचे का ये पेच दबाव. भूलना नक्को."

घरी खोकं पाहून रेणुकाबाई म्हणाल्या, "माळ्यावर जागा नाही. आत्ताच सांगून ठेवते."

नळी जोडायला त्यांना अख्खी दुपार लागली. सांध्यांवर नळवाल्यांची पांढरी पट्टी गुंडाळली, तरी कुठून तरी सूं सूं येत होतं. साबणाचा फेस लावला, तेव्हा एका सांध्याशी बुडबुडे फुगले. तो उघडून पुन्हा आवळला. कंप्रेसर गुरगुरत टाकी भरायचा आणि भरली की एकदम थांबायचा. दर वेळी तो थांबला की लक्ष्मणराव दचकायचे, बिघडला का म्हणून.

सराव त्यांनी पणत्यांवर केला. गॅलरीत स्टूल मांडलं, ओळीनं पणत्या ठेवल्या आणि तांबड्या रंगात पाणी घालून तो दुधाएवढा पातळ केला. आधी ठिपके, मग डाग. दाब कमी केला, हात लांब नेला, आणि मग एका पणतीवर तो ढग उमटला. तस्साच. लक्ष्मणराव उठून घरभर एक फेरी मारून आले आणि पुन्हा बसले.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून आवाज आला, "काय हो काका, डासांचं औषध मारताय का? आमच्याकडंही येऊ द्या!"

समोरच्या सोनियाताई. त्यांच्यामागं अजून दोन डोकी. लक्ष्मणरावांनी स्टूल, पणत्या, कंप्रेसर, सगळं आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आता देवीचे मुखवटे या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रंगवायचे? काही बिघडलं, की उद्या गल्लीभर होईल.

त्यांनी आतली लहान खोली धरली. आणि काम देवीचं, म्हणून ते रीतसर करायचं ठरवलं. आई महालक्ष्म्यांचा फराळ सोवळ्यात करायची. दिवाळीपेक्षा कडक. मग चेहरा तरी ओवळ्यानं कसा रंगवायचा? त्यांनी खोली धुऊन काढली, दोन बादल्या पाणी ओतून. आपलं धोतर धुऊन त्याच खोलीत उंच दोरीवर वाळत घातलं, कुणाचा स्पर्श नको म्हणून. खिडकी लावली, दार लावलं. आवाज दाबायला कंप्रेसर जुन्या गोधडीत नीट गुंडाळला, नुसती नळी बाहेर. सकाळी अंघोळ करून ते दमट धोतर नेसून, ओल्या केसांनी आत बसले.

मुखवट्यांचे गाल त्यांनी आधीच पॉलिश पेपरनं हळूच घासून पांढरं अस्तर लावलं होतं. डोळ्यांवर रंग उडू नये म्हणून कणकेच्या पातळ पापण्या करून बसवल्या. कणकेनं डोळे झाकलेली ज्येष्ठा झोपल्यासारखी दिसत होती. रेणुकाबाई दारातून म्हणाल्या, "बाई गं, उठेल तेव्हा काय म्हणेल!"

पहिला हात छान बसला. दुसराही. उजवा गाल उजळला. लक्ष्मणरावांचा श्वास मोकळा झाला. मग डाव्या गालाकडं वळले, आणि बंदूक खोकली.

थूः, असा आवाज आला. ओल्या तांबड्या रंगावर पाण्याचे थेंब उडाले. प्रत्येक थेंबानं रंग बाजूला सारून पांढरं वर्तुळ केलं. त्यांनी घाबरून हात मागं घेतला, पण बोट बटणावरून उचललं नाही. अजून एक थेंब डोळ्याखाली पडला आणि रंग घेऊन ओघळत हनुवटीपर्यंत गेला.

रेणुकाबाई आत आल्या.

"रडवलंत की हो तिला," त्या म्हणाल्या.

त्यांना टोचायचं नव्हतं. पण लक्ष्मणरावांच्या आत काहीतरी तुटलं. ते उठले, सदरा चढवला, धोतरावरच चपला घातल्या आणि बाहेर पडले. चालत चालत क्रांती चौकापर्यंत गेले. तिथून पैठण गेट, तिथून औरंगपुरा. वहिनींच्या दारासमोर उभे राहिले. आत जाऊन सांगून टाकावं, मला नाही जमलं, त्या फायबरच्याच बसवा. बेलपर्यंत हात गेला. आतून कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. महालक्ष्म्यांची भांडी. ते तसेच फिरले.

वाटेत मिहिरचा फोन आला. "आबा, झालं का? फायबरचे येऊन पडलेत. आजी म्हणाली, विचार. उद्या संध्याकाळपर्यंत नाही आले तर आपण तेच..."

"बघतो," लक्ष्मणराव म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी आले तेव्हा पाय भरून आले होते, तरी बसवेना. बंदूक उघडून धुतली. सुई पाहिली, रंग पाहिला. रंग तोच, बंदूक तीच, हात तोच. पणत्यांवर एक थेंब उडाला नव्हता. मग तिच्याच तोंडावर का? आपल्या हातून देवाचं काही व्हायचं नाही, हेच खरं. नाही तर सोवळ्यात काहीतरी कमी पडलं असेल. उद्या खोली अजून एकदा धुवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच बादली घेऊन निघाले. गॅलरीत वाऱ्यावर थोडा वेळ उभे होते, तिथून खोलीचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि त्यांना काही दिसेना. चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. धोतरही ओलसर, काच अजून धुरकट झाली. भिंतीला हात लावला. भिंत घामेजली होती. रात्री पुन्हा धुऊन याच खोलीत टाकलेलं धोतर सकाळपर्यंत वाळलंच नव्हतं.

बादली हातातच राहिली.

अभय काय म्हणाला होता? कंप्रेसरनं हवा दाबली की पाणी सुटतं. आणि कंप्रेसर हवा कुठली घेतो? जिथं ठेवलाय तिथली.

त्यांनी बादली खाली ठेवली, गोधडी सोडली. काट्याखालची पारदर्शक वाटी गळ्यापर्यंत भरली होती. गोधडीच्या आड ती त्यांना दिसलीच नव्हती. खालचा पेच दाबला तसं पाणी पिचकारीसारखं त्यांच्या पायावर उडालं. टाकीच्या बुडाशी एक स्क्रू होता, तो सैल केला. तिथूनही फसफसून पाणी आलं. लक्ष्मणराव जमिनीवर बसले आणि पुष्कळ वेळानं हसले.

मग मात्र त्यांच्या लक्षात आलं की आता काय करावं लागेल, आणि हसू मावळलं. कोरडी, वाहती हवा घरात एकाच ठिकाणी होती. गॅलरीत. तिथं गोधडीही चालणार नव्हती. आणि आवाहन उद्यावर आलं होतं.

ते खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत किती वेळा गेले, कुणास ठाऊक. शेवटी रेणुकाबाईंनीच कंप्रेसरची एक बाजू धरली. "उचला. नुसत्या येरझाऱ्या घालून दमलात की अजून हात कापतील."

"धोतर ओलं आहे, सोवळं..."

"ते सोडा आणि पायजमा घाला. काल सोवळ्यानं काय उजेड पडला ते बघितलंत ना?"

कालचा रंग वाळला होता. लक्ष्मणरावांनी तो ओघळ आणि वर्तुळं अगदी हलक्या हातानं घासली, अस्तराचा पातळ हात दिला. ते वाळेपर्यंत ते उभे होते, बसले, पुन्हा उभे राहिले. मग कंप्रेसर सुरू केला. दणदणाट सगळ्या चौकात गेला.

समोर सोनियाताई आल्याच. "अगंबाई, आज परत फवारणी?"

लक्ष्मणरावांचा हात थांबला. तोंड उघडायच्या आत रेणुकाबाई कठड्याला टेकल्या आणि ओरडून म्हणाल्या, "महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवतायत! बघायचं तर बघा, पण बोलू नका. बोललं की ह्यांचा हात हलतो."

खाली, वर, समोर, गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहिली. वरून अभय ओणवा झाला. "काका, वाटीकडं लक्ष ठेवा बरं का."

"ठेवलंय," लक्ष्मणराव म्हणाले. प्रत्येक हातानंतर वाटी पाहायची, पेच दाबायचा, मगच पुढचा हात. एवढ्या माणसांसमोर त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. कानशिलं तापली होती, मानेवरून घाम जात होता. पण ज्येष्ठेचा डावा गाल उजव्यासारखा झाला. मग कनिष्ठा. तिच्या दुसऱ्या गालाशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी घाई केली. कणकेच्या पापण्या काढल्या तसे डोळे पहिल्यासारखेच टवटवीत उघडले, आणि समोरच्या गॅलरीतून कुणीतरी "आहा" म्हणालं.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात पाटावर दोघी ठेवल्या. शेजारी फायबरच्या मुखवट्यांचं खोकं होतं. यमुनाबाईंनी मुखवटे हातात घेतले, दिव्याकडं केले, बोट फिरवून पाहिलं. मिहिर म्हणाला, "आबा, हे तुम्ही केलंत?" लक्ष्मणराव एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभे.

"सोवळ्यानं केलंत ना, भावजी?" यमुनाबाईंनी विचारलं.

रेणुकाबाईंनी मागून त्यांचा सदरा ओढला. एक 'हो' म्हणायचं होतं, काम झालं असतं. लक्ष्मणरावांनी खोक्याकडं पाहिलं, दोघींकडं पाहिलं.

"नाही, वहिनी. आधी सोवळ्यानं केलं. खोली धुतली, ओल्यानं बसलो. तर मशीननं तेच पाणी ओढून तिच्या तोंडावर थुंकलं. मग गॅलरीत केलं. पायजम्यावर. सगळी कॉलनी बघत होती."

लक्ष्मणरावांना वाटलं, संपलं. पुन्हा माळा.

यमुनाबाईंनी ज्येष्ठेला पाटावर ठेवलं. "ज्यानं हे घडवले त्यानं शाडू काय सोवळं नेसून मळली असेल?" त्या म्हणाल्या. "उद्या उंबऱ्यातून आत येतील तेव्हा त्या देवी. आज नुसती माती आहे. मातीला कसलं सोवळं?" मग नातवाकडं वळून, "मिहिर, ते खोकं परत कर."

"आजी, ते परत घेत नाहीत."

"मग ठेव. तुझी बायको येईल तेव्हा तिला दाखव, तिच्यापेक्षा कोण गोरं आहे ते."

दुसऱ्या दिवशी दोघी उंबऱ्यातून आल्या. दारापासून कुंकवाची पावलं, पुढं घंटा, मागं बायकांची गर्दी. साड्या, दागिने, वेण्या झाल्या, समया लागल्या. बायका म्हणत होत्या, अगदी सासूबाईंच्या वेळच्यासारख्या दिसतात. लक्ष्मणराव दाराशी, नेहमीच्या जागी.

आणि समईच्या उजेडात त्यांना दिसलं. कनिष्ठेचा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित जास्त लाल होता. ऊन कलताना केलेला तो शेवटचा गाल. एकच हलका हात हवा होता, पांढऱ्याचा, अगदी पातळ. बंदूक घरी, कंप्रेसर घरी, रिक्षानं गेलं तर...

त्यांचं पाऊल पुढं पडलं. रेणुकाबाईंनी त्यांची बाही धरली.

"अहो, आता नाही. आता त्या बसल्या."

"पण तो डावा गाल..."

"दिसतोय मला. राहू दे. पुढच्या वर्षी करा. वहिनींनी या दोघींच्या लेकरांचेही मुखवटे काढून ठेवलेत तुमच्यासाठी." आणि थोडं थांबून, आरतीच्या गलक्यात त्यांच्याच कानाशी, "तो कंप्रेसर मी पलंगाखाली सरकवलाय."

लक्ष्मणरावांनी हात मागं बांधले, सोडले, पुन्हा बांधले. आरती संपेपर्यंत त्यांची नजर त्या गालावरून हलली नाही.